बरगडीचे वाचन : काटक आणि खंगलेला यांच्यामधली रेघ

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बहुधा एकाच नोंदीमुळे ठाऊक असतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास सिद्ध केलेल्या या संस्कृत ज्ञानकोशात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ओवीच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून तो आपण वर्गात सांगतो. त्याच ग्रंथाच्या त्याच विभागात ‘सारमेयविनोद’ नावाचे शिकारी कुत्र्यांवरचे प्रकरण आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. कल्याणी म्हणजे मराठवाड्याला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. तिथल्या राजाच्या लेखी गाणे ऐकणे आणि कुत्रा पारखणे या दोन्ही जाणकाराने शिकून घेण्याच्या गोष्टी होत्या.

ही पारख म्हणजे नेमके काय? कुत्र्याच्या अंगावर मांस किती असावे, बरगडी किती दिसावी, कोणत्या शरीराला निरोगी म्हणावे, हे कोण ठरवते? परभणी आणि तिच्या भोवतालच्या मुलखात या प्रश्नाला वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे मिळाली आहेत. ती उत्तरे शेजारी शेजारी ठेवली, की शरीर पाहणे हेही एक प्रकारचे वाचनच असते आणि वाचकाची भूमिका बदलली की संहितेचा अर्थ बदलतो, हे दिसू लागते.

मराठवाडा आणि उत्तर कर्नाटकाच्या पट्ट्यात निमुळत्या तोंडाचा, खोल छातीचा, पोट आत ओढलेला, लांब पायांचा एक शिकारी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला जात आला आहे. आपल्याकडे त्याला कारवानी म्हणतात; कानांवर आणि शेपटीवर लांब मऊ केस असतील तर पश्मी. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला आश्रय दिला, म्हणून कर्नाटकात तिचे नाव ‘मुधोळ हाउंड’. केनेल क्लब ऑफ इंडिया तिची नोंद ‘कॅरव्हान हाउंड’ अशी करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ अशी. टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांवरही मुधोळचेच नाव आले.

हा कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार करणारा. अशा कुत्र्यांच्या भरधाव दौडीत एका ढांगेत चारही पाय दोनदा जमीन सोडतात : एकदा शरीर ताणलेले असताना आणि एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. पाठीचा कणा प्रत्येक वेळी धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. अशा शरीराला चरबी म्हणजे निव्वळ ओझे. त्यामुळे चांगल्या तयारीच्या कारवानी कुत्र्याच्या शेवटच्या दोनतीन बरगड्यांची रेघ दिसते, कमरेची हाडे किंचित वर आलेली असतात, आणि तरीही मांड्या व कणा यांच्यालगतचे स्नायू घट्ट भरलेले असतात. सशामागे कुत्रा सोडणाऱ्याला ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नसे. त्याच्या पारखेची कसोटी माळरानावरच लागत असे.

आता हेच शरीर दुसऱ्या नजरेने पाहू. मराठवाड्याच्या सामूहिक स्मृतीत १९७२चा दुष्काळ खोल रुतलेला आहे : खडी फोडण्याची कामे, सुकडी, परदेशातून आलेला मिलो. ज्या समाजाने आपल्या माणसांच्या आणि बैलांच्या बरगड्या मोजल्या आहेत, त्याला बरगडी ही उपासमारीचीच खूण वाटणार. ‘अंगाने भरलेला’, ‘बाळसेदार’, ‘खात्यापित्या घरचा’ हे आपल्या भाषेतले गौरवाचे शब्द आहेत. त्यांच्या तळाशी भूक आहे. कारवानी कुत्रा पाहून ‘याला खायला घालत नाही का?’ असे विचारणारा माणूस अडाणी नसतो. तो फक्त आपल्या इतिहासातून वाचत असतो.

योगायोग असा, की १९७२ या एकाच सालाने या कथेला आणखी दोन वळणे दिली. त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पुढे १९९१च्या दुरुस्तीने शिकारीची उरलीसुरली मुभाही जवळजवळ संपवली. हरणे आणि ससे यांच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. पण त्याबरोबर कारवानी कुत्र्याचे पिढीजात काम कायद्याने संपले, आणि ते काम जी पारख रोज तपासून घेत होते तिची कसोटीही संपली. कुत्रा उरला तो राखणीला, हौसेला आणि प्रदर्शनाला.

दुसरे वळण परभणीतलेच. १९७२ मध्येच तिथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. हे महाविद्यालय पुढे, २००० साली नागपुरात स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे गेले. शिकाऱ्याची नजर निरुपयोगी ठरू लागली त्याच वर्षी पशुवैद्याची नजर या जिल्ह्यात रीतसर घडू लागली, असे म्हणता येईल.

पशुवैद्याच्या हाती आज नऊ अंकांची एक श्रेणी असते. अमेरिकेतील पशुवैद्यक डॉटी लाफ्लॅम यांनी १९९७ मध्ये ती कुत्र्यांसाठी तपासून मांडली. एक म्हणजे हाडांचा सापळा, नऊ म्हणजे चरबीचा डोंगर, आणि चार किंवा पाच म्हणजे योग्य. या पद्धतीचे मर्म अंकांपेक्षा स्पर्शात आहे. केसाळ कुत्र्याच्या बाबतीत डोळा फसतो, म्हणून बोटे बरगड्यांवरून फिरवायची. विद्यार्थ्यांना एक सोपी युक्ती सांगितली जाते. मूठ वळून तिच्या टोकदार सांध्यांवरून बोट फिरवा, तशा बरगड्या लागल्या तर कुत्रा फार रोड. तळहाताच्या गादीसारखे लागले तर लठ्ठ. पंजा पालथा धरून सरळ ठेवल्यावर त्याच्या पाठीवर हाडे जशी लागतात, तसे लागले तर ठीक. मग वरून पाहून कंबर, बाजूने पाहून पोटाची चढण. आणि शेवटी स्नायू, कारण चरबी कमी असणे वेगळे आणि स्नायू झिजणे वेगळे.

ही श्रेणी सर्वसाधारण कुत्र्यांसाठी आहे. नजरेने शिकार करणारा निरोगी कुत्रा तिच्यावर सहज एक पायरी खाली उतरतो. हा फरक केवळ दिसण्याचा नाही. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असते, आणि थायोपेंटॉलसारख्या भुलीच्या औषधातून तो फार सावकाश शुद्धीवर येतो. एका जातीचे सामान्य हे दुसऱ्या जातीचे असामान्य असू शकते. साहित्यप्रकार न ओळखता कृतीचे मूल्यमापन करू नये, असे आपण समीक्षेत म्हणतो. इथे तो नियम जिवावर बेतू शकतो.

प्रदर्शनातला परीक्षक हा चौथा वाचक. परभणी जिल्ह्याच्या शेजारी, नांदेडच्या लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. ज्या देवाच्या मूर्तीजवळ आणि कथेत कुत्रा असतो, त्याच्याच यात्रेत घोड्यांच्या आणि कोंबड्यांच्या बरोबरीने श्वानांचेही प्रदर्शन भरावे, हे शोभूनच दिसते. पण प्रदर्शनात कुत्रा क्षणभर उभा राहतो, फार तर चार पावले चालतो. त्याला धावून काही सिद्ध करायचे नसते. अशा ठिकाणी तजेला आणि भरलेपणा यांची गल्लत कुठेही होऊ शकते. इंग्लंडच्या क्रफ्ट्स या जगप्रसिद्ध प्रदर्शनात क्रमांक मिळवलेल्या कुत्र्यांची छायाचित्रे तपासणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले २६ टक्के कुत्रे जादा वजनाचे निघाले, रोड एकही नव्हता. बक्षीस एकदा मिळाले, की ते शरीर पुढच्या पाळणाऱ्यांसाठी आदर्श होऊन बसते.

या आदर्शाची किंमत मोजता आली आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४८ लॅब्राडोर कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न जन्मभर देण्यात आले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य तेरा वर्षांचे झाले, तर दुसऱ्यांचे अकरा वर्षे आणि काही महिन्यांचे. मायेने जास्त घातलेल्या घासाने आयुष्याची जवळजवळ दोन वर्षे खाल्ली.

मात्र एवढ्यावरून रोडपणाचे गोडवे गाणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. ‘शिकारी जातच अशी असते’ या वाक्याआड जंत, गोचिडतापाने आलेला अशक्तपणा आणि साधी उपासमारही लपवता येते. कण्यालगतचे मांस ओसरलेले, मांड्या सपाट झालेल्या, केस निस्तेज, आणि वर परंपरेचा हवाला! दुष्काळाने शिकवलेली शंका इथे उपयोगी पडते. ती निकाल म्हणून चुकीची असेल, पण प्रश्न म्हणून तिची गरज आहे.

मराठी भाषेने हा भेद पूर्वीच करून ठेवला आहे. काटक, सडपातळ, हडकुळा, मरतुकडा, खंगलेला हे सगळे शब्द कमी मांसाच्या शरीराचे आहेत, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. ‘काटक’मध्ये कामाची तयारी आहे, ‘हडकुळ्या’त नुसते वर्णन, आणि ‘खंगलेला’ या शब्दात काळ आहे : हे शरीर पूर्वी असे नव्हते, काहीतरी झाले आहे. नऊ अंकांची श्रेणी एका दिवसाचे शरीर सांगते. ‘खंगणे’ हे क्रियापद त्या शरीराचा इतिहास विचारते. चांगला पशुवैद्य दोन्ही विचारतो. म्हणूनच तो बरगडीवर हात ठेवतो आणि त्याच वेळी मालकाला विचारतो, ‘कधीपासून असा आहे?’