बेटावरचं गोडं पाणी

परळीला वैजनाथाच्या पायऱ्या चढणाऱ्याला रामेश्वर ठाऊक असतं ते ज्योतिर्लिंग म्हणून. ते एक बेट आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. १९१४ साली पांबनचा रेल्वे पूल झाला. तोवर नावेनंच पलीकडे जावं लागे. काशीहून गंगेची कावड आणणारा यात्रेकरूसुद्धा समुद्रापाशी अडे. अशीच कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी लावणारे पैठणचे नाथमहाराज आपल्याला परके नाहीत.

बेटावर पहिला प्रश्न पाण्याचाच. परळीच्या मंदिराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनी रामेश्वरला धर्मशाळा बांधली, आणि जोडीला विहीरही. बाईंची नजर अशी!

बेटाच्या टोकाला धनुष्कोडी. रेल्वे आल्यावर तिथं गाव वसलं. स्टेशन, पोस्ट, चर्च, सिलोनला जाणारी आगबोट. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाच्या लाटेनं पांबनहून येणारी गाडी शंभराहून अधिक उतारूंसकट गिळली. गावही गेलं. ई. श्रीधरन यांनी पांबनचा पूल ४६ दिवसांत दुरुस्त केला. धनुष्कोडीची गाडी मात्र पुन्हा सुरू झाली नाही. सरकारनं ती जागा वस्तीला अयोग्य ठरवली.

तरी कोळी परतले, झावळ्यांच्या झोपड्यांत राहिले. कशाच्या बळावर? मासळी तर खरीच; पण पावसाचं पाणी तिथल्या वाळूत मुरतं आणि खाऱ्याहून हलकं म्हणून वरच राहतं. समुद्र हाकेच्या अंतरावर असतो, आणि वाळूत जरासा खड्डा केला, की तळाशी गोडं पाणी झिरपू लागतं.