परवानगीची कुळकथा

संगणकावर किंवा मोबाईलवर नवे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना जी परवानगी मागितली जाते, तिचे मूळ एकाच यंत्रावर अनेकांनी काम करण्याच्या काळात आहे. बेल लॅब्समध्ये १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने, म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणाऱ्या प्रणालीने, प्रत्येक फाइलला मालक नेमून दिला, ती कोणी वाचावी, बदलावी आणि चालवावी हे ठरवले, आणि खुद्द प्रणालीत फेरफार करण्याचा अधिकार ‘रूट’ या एका खात्यापुरता राखून ठेवला. या व्यवस्थेमुळे एकाचे काम दुसऱ्यापासून सुरक्षित राहिले. मात्र मालकाला त्याने स्वतःच चालवलेल्या प्रोग्रामपासून वाचवण्याचा विचार तिच्यात नव्हता, आणि पुढच्या बहुतेक अडचणींचे बीज येथेच आहे.

१९८१ साली आलेल्या एमएस-डॉसने तर ही व्यवस्थाच वगळली. संगणक एकट्याचा, तेव्हा चालू झालेला कोणताही प्रोग्राम डिस्कवर कोठेही लिहू शकत असे. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस याच मोकळिकीचा फायदा घेऊन फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, ठाण मांडून बसला आणि फ्लॉपींबरोबर देशोदेशी पोचला.

पुण्यात या कुळाला स्वतंत्र शाखा फुटली. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीत शिरले आणि पुढे संगणक दुरुस्त करू लागले. त्यांच्याकडे येणाऱ्या व्हायरसबाधित यंत्रांसाठी संगणकशास्त्र शिकणारे धाकटे भाऊ संजय यांनी जे प्रोग्राम लिहिले, त्यांतून १९९० च्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ हे अँटीव्हायरस उभे राहिले. ज्ञात व्हायरसच्या संकेतातील ठरावीक बाइटांची मालिका, म्हणजे ‘सिग्नेचर’, फायलींमध्ये शोधणे ही त्या काळच्या अँटीव्हायरसची मुख्य रीत होती. ती खूण मिळवायला आधी बाधित यंत्र हाती यावे लागते. त्यामुळे दुरुस्तीचे दुकान हीच या विद्येची योग्य पाठशाळा ठरली, आणि भारतीय तंत्रज्ञानाच्या इतिहासात या गोष्टीला अधिक मानाचे स्थान मिळायला हवे.

परवानगी परतली ती निराळ्या रूपात. २००७ च्या विंडोज व्हिस्टाने प्रणालीला हात लावणाऱ्या प्रत्येक इन्स्टॉलपूर्वी संमती विचारण्यास सुरुवात केली, तर २०१५ च्या अँड्रॉइड ६ ने संपर्क, कॅमेरा, एसएमएस यांसाठी प्रत्यक्ष वापराच्या वेळी वेगवेगळी विचारणा आणली. आता धोका वाहतूक दंडाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइलीचा, म्हणजे अँड्रॉइड ॲपच्या इन्स्टॉल-संचाचा आहे. असे ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मिळवते आणि बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे धाडते. दृष्टिहीनांच्या सोयीसाठी निर्माण झालेली ‘ॲक्सेसिबिलिटी’ ही परवानगी त्याहून घातक ठरते, कारण ती मिळालेले ॲप पडदा वाचू शकते आणि मालकाच्या वतीने बटणेही दाबू शकते. २०२२ च्या अँड्रॉइड १३ ने अधिकृत स्टोअरबाहेरून थेट आलेल्या ॲपना ही परवानगी सहजी मिळू नये अशी आडकाठी घातली. परंतु ती उठवण्याची सोय सेटिंग्जमध्येच आहे, आणि फोनवर गोड बोलणारा भामटा मालकाच्याच हातून ती उठवून घेतो, तेव्हा लबाड ॲप ओळखून अडवण्याचे काम पुन्हा अँटीव्हायरसकडेच येते.