लाइटसेबरची धातूची प्रतिकृती

लाइटसेबरची धातूची प्रतिकृती म्हणजे 'स्टार वॉर्स' या अमेरिकी चित्रपटमालिकेतील प्रकाशतलवारीच्या मुठीची, धातूचे सुटे भाग जोडून तयार केलेली नक्कल होय. नाटक-चित्रपटांत पात्रे हाताळतात त्या वस्तूंना 'प्रॉप' म्हणतात. मराठी रंगभूमीवर त्यांना 'प्रॉपर्टी' असे नाव रूढ आहे. अशा वस्तूंच्या प्रतिकृती घरी बनवण्याचा छंद अमेरिका व युरोपात विशेष प्रचलित असून, त्यात ल्यूक स्कायवॉकर या पात्राची पहिली मूठ नवशिक्यांच्या विशेष आवडीची आहे. मूळ वस्तूच बाजारातील तयार भागांपासून अल्प खर्चात बनवलेली असल्यामुळे तिची कमी खर्चातील नक्कल ही मूळ निर्मितीच्या पद्धतीला धरूनच असते.

मूळ वस्तू

जॉर्ज लुकास दिग्दर्शित 'स्टार वॉर्स' हा चित्रपट २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला. त्याचे स्टुडिओतील बरेचसे चित्रीकरण १९७६ साली लंडनजवळील एल्स्ट्री स्टुडिओत झाले. निर्मितीसाठी पैसा मर्यादित होता. म्हणून नेपथ्यसजावटकार रॉजर क्रिश्चन यांनी अनेक वस्तू नव्याने घडवण्याऐवजी जुन्या वस्तूंमध्ये फेरफार करून तयार केल्या. हान सोलो या पात्राचे पिस्तूल माउझर सी ९६ या जर्मन पिस्तुलावर, तर शुभ्र चिलखतातील सैनिकांच्या बंदुका स्टर्लिंग या ब्रिटिश सबमशीनगनवर आधारलेल्या होत्या.

लाइटसेबरसाठी क्रिश्चन यांना लंडनमधील छायाचित्रण साहित्याच्या एका दुकानात ग्राफ्लेक्स कंपनीच्या फ्लॅशगनचे जुने दांडे सापडले. ग्राफ्लेक्स ही न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील कंपनी. तिचा 'स्पीड ग्राफिक' हा कॅमेरा विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील वृत्तछायाचित्रकारांचे नेहमीचे साधन होता. कॅमेऱ्याच्या बाजूला बसणाऱ्या या दांड्यात टॉर्चमध्ये वापरतात तसे तीन मोठे सेल एकावर एक बसत. क्रिश्चन यांनी त्यावर काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या चिकटवल्या, पकडपट्टीत एका कॅल्क्युलेटरमधील भिंगांची पट्टी बसवली आणि पट्ट्याला अडकवण्यासाठी तळाशी कडी लावली. या चित्रपटाच्या कलादिग्दर्शन व नेपथ्यसजावटीसाठी १९७८ साली दिल्या गेलेल्या ऑस्कर पुरस्काराचे क्रिश्चन हे एक मानकरी होते.

त्याच चित्रपटातील ओबी-वान केनोबी या पात्राची मूठ याहून अधिक मिश्र घडणीची आहे. तिच्यात पहिल्या महायुद्धाच्या काळातील रायफल ग्रेनेडचा भाग, रोल्स-रॉइस कंपनीच्या विमान-इंजिनातील नळी, मशीनगनचा एक भाग, ग्राफ्लेक्सची पकडपट्टी आणि पाण्याच्या नळाची चावी यांचा समावेश होतो. १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय' या चित्रपटात ल्यूकला दिलेली नवी मूठ या घडणीवर बेतलेली होती. ती मूठ ऑक्टोबर २००७ मध्ये 'डिस्कव्हरी' यानातून अंतराळात नेऊन परत आणण्यात आली.

मुठीची रचना

ल्यूकची पहिली मूठ सुमारे २८ सेंमी लांब असून तिच्या नळीचा बाह्य व्यास सुमारे ३८ मिमी, म्हणजे दीड इंच आहे. नळी पितळेची असून तिच्यावर क्रोमचा मुलामा आहे. वरचा व खालचा असे तिचे दोन भाग असून ते खटका असलेल्या पकडपट्टीने जोडलेले असतात. वरच्या टोकाची कड सरळ नसून तिला खाचा आहेत. वरच्या भागावर लाल बटण व भिंगासारखा काचेचा लहान गोल तुकडा, तर खालच्या भागावर उभ्या काळ्या पट्ट्या दिसतात. पडद्यावर दिसणारे पाते हा मुठीचा भाग नव्हे. पात्यांची झळाळी चित्रीकरणानंतर रेखाटनाने भरण्यात आली.

कमी खर्चातील बांधणी

प्रतिकृती तीन मार्गांनी बनतात. अस्सल ग्राफ्लेक्स दांड्यात फेरफार करणे हा पहिला, लेथवर पितळ वा ॲल्युमिनियमचे भाग कातून घेणे हा दुसरा, आणि नळकामाच्या साहित्यातून मूठ जुळवणे हा तिसरा मार्ग. अमेरिकेत स्वयंपाकघरातील सिंकखाली बसणारी क्रोम चढवलेली पितळी नळी दीड इंच व्यासाची मिळते. तिचा व्यास व चकाकी मूळ दांड्याशी जुळत असल्याने तिसरा मार्ग तेथे लोकप्रिय झाला. भारतात बेसिनच्या बॉटल ट्रॅपची नळी बहुधा ३२ मिमी व्यासाची असते. ती वापरल्यास लांबी व इतर मापेही त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे सहाव्या भागाने कमी करावी लागतात. अन्यथा मूठ लांबुडकी दिसते.

उरलेले भाग साध्या वस्तूंपासून होतात. काळ्या पट्ट्यांसाठी मोटारीच्या वायपरचे रबर, पकडपट्टीसाठी वाकवलेली ॲल्युमिनियमची पट्टी किंवा होज क्लिप, कडीसाठी जुन्या पिशवीच्या बंदाची अर्धगोल कडी, बटणासाठी विजेच्या उपकरणातील लाल दाबबटण आणि भिंगांच्या पट्टीसाठी पारदर्शक प्लॅस्टिकचे अर्धगोल मणी वापरले जातात.

बांधणीत आखणीला सर्वाधिक महत्त्व असते. नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिची दोन्ही टोके जुळवली की कापण्याची सरळ रेषा मिळते. तीच पट्टी उलगडून समान भागांत दुमडली की काळ्या पट्ट्यांच्या जागा ठरतात. ३८ मिमी व्यासाच्या नळीचा परीघ सुमारे ११९ मिमी भरतो. सहा पट्ट्या लावायच्या असल्यास दोन पट्ट्यांच्या मध्यरेषांत सुमारे २० मिमी अंतर येते.

पातळ नळी व्हाइसमध्ये थेट आवळल्यास चेपते. म्हणून तिच्या आत घट्ट बसणारा लाकडी गोल ठोकळा घालतात आणि बाहेरून कापड गुंडाळतात. कापण्यासाठी हॅकसॉचे बारीक दातांचे, इंचाला ३२ दात असलेले, पाते घेतात. जाड दात पातळ धातूत अडकतात. एकाच जागी आरपार न कापता नळी थोडी थोडी फिरवत कापल्यास कड सरळ राहते. त्यानंतर कडेवरची धारदार किनार कानशीने घासून काढतात. भोक पाडण्यापूर्वी पंचने खूण करावी लागते, नाहीतर गोल पृष्ठभागावरून ड्रिलचे टोक घसरते. आधी सुमारे ३ मिमीचे भोक पाडून मग ते वाढवणे योग्य ठरते. ॲल्युमिनियमला भोक पाडताना रॉकेलचे थेंब सोडल्यास धातू टोकाला चिकटत नाही.

क्रोमवर डाख धरत नाही. त्यामुळे भाग जोडण्यासाठी लहान स्क्रू, रिव्हेट किंवा दोन घटकांचा इपॉक्सी गोंद वापरतात. गोंद लावण्यापूर्वी ती जागा पॉलिश पेपरने खरखरीत करून तेलकटपणा पुसून काढणे आवश्यक असते. झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ असल्याने मूठ हातातून पडली की जोड सुटतो. मुलामा नसलेल्या धातूला ४०० पासून २००० क्रमांकापर्यंतच्या कागदांनी क्रमाने घासून शेवटी पॉलिशने चकाकी आणतात. मधला क्रमांक गाळल्यास आधीचे ओरखडे शेवटपर्यंत दिसत राहतात.

सुरक्षितता

कापताना व भोके पाडताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा आवश्यक असतो. ड्रिल चालवताना सैल हातमोजे घालू नयेत. ते फिरत्या टोकात गुंततात. जस्ताचा मुलामा असलेली नळी अतिशय तापवल्यास निघणारा धूर श्वासावाटे गेल्याने ताप येतो. क्रोमचा मुलामा चढवण्याच्या प्रक्रियेतील षट्संयुजी क्रोमियमची संयुगे कर्करोगकारक असल्यामुळे ते काम घरी न करता व्यावसायिक कारखान्याकडे सोपवावे. धातूची ही मूठ प्रदर्शनासाठी असते. लुटुपुटूच्या लढाईसाठी पॉलिकार्बोनेटच्या नळीचे पाते असलेल्या वेगळ्या मुठी बनवल्या जातात.

जुन्या दांड्यांचा प्रश्न

चित्रपटाचे चाहते ग्राफ्लेक्सचे दांडे शोधू लागल्यावर एकेकाळी अडगळीत पडणाऱ्या या वस्तूची किंमत शेकडो डॉलरपर्यंत गेली. 'स्पीड ग्राफिक'चे उत्पादन १९७३ मध्ये थांबलेले असल्याने जुन्या दांड्यांची संख्या वाढू शकत नाही. दांडा मुठीसाठी कापला वा भोके पाडून बदलला की तो फ्लॅशगन म्हणून पुन्हा उपयोगी पडत नाही. त्यामुळे जुने कॅमेरे जपणारे संग्राहक या फेरफारावर आक्षेप घेतात. नळकामाच्या साहित्यातील किंवा लेथवर कातलेली प्रतिकृती या संघर्षातून वाट काढते. मूठ तयार होते आणि छायाचित्रणाच्या इतिहासातील एक साधनही शाबूत राहते.

कायदेशीर बाजू

प्रतिकृतींच्या विक्रीबाबत लुकासफिल्म विरुद्ध एन्सवर्थ हा खटला महत्त्वाचा मानला जातो. पहिल्या चित्रपटासाठी सैनिकांची शिरस्त्राणे बनवणारे अँड्र्यू एन्सवर्थ यांनी पुढे त्यांच्या प्रतिकृती विकण्यास सुरुवात केली. अमेरिकी न्यायालयाने २००६ साली त्यांच्याविरुद्ध २ कोटी डॉलरचा निकाल दिला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र जुलै २०११ मध्ये, हे शिरस्त्राण शिल्पकृती नसून चित्रपटनिर्मितीत उपयोगी पडणारी वस्तू आहे, असे ठरवले. त्यामुळे शिल्पाला मिळणारे दीर्घ मुदतीचे स्वामित्वहक्क संरक्षण त्याला ब्रिटनमध्ये लागू झाले नाही. एकाच वस्तूबाबत देशोदेशीचा कायदा किती वेगळा असू शकतो, हे या खटल्यातून दिसते. स्वतःच्या संग्रहासाठी एखादी मूठ बनवणे आणि नाव वा बोधचिन्ह वापरून तिचा व्यापार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतिकृती चित्रीकरणात वापरलेली मूळ वस्तू म्हणून विकणे ही फसवणूक ठरते. म्हणून काही कारागीर मुठीच्या आतील बाजूस निर्मितीचे वर्ष व स्वतःची खूण कोरून ठेवतात.