केवळ मांसावर एक वर्ष

कॅनडाच्या उत्तर टोंकास इनुइट लोकांत राहून आलेले प्रवासी स्टेफान्सन हे मनुष्य निव्वळ मांसावर निरोगी राहतो, असें सांगत. वैद्यांस तें पटेना. अखेर १९२८ सालीं न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयांत ते व त्यांचे सहकारी अँडरसन वर्षभराच्या परीक्षेस बसले. प्रारंभीं स्टेफान्सन यांस मुद्दाम चरबीरहित मांस दिलें. तिसऱ्याच दिवशीं मळमळ व अतिसार सुरू झाला. चरबी मिळतांच प्रकृति सुधारली. पुढें शरीरास लागणाऱ्या उष्णतेपैकीं ७५ ते ८५ टक्के चरबीपासूनच मिळाली. वर्षाअखेर दोघांसही स्कर्व्ही झाला नाहीं, मूत्रपिंडेंही बिघडलीं नाहींत. तथापि दोन धडधाकट पुरुष तगले, एवढ्यावरून रोग्यास मांस हेंच औषध, असें मात्र ठरत नाहीं.