दंतवय

दातांच्या वाढीवरून ठरवलेले वय. पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात बैल घेणारा आधी त्याचा खालचा ओठ ओढून पाहतो. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. दुधाचेच दात असले तर आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, आठही आले की जुळलेला. मालकाच्या तोंडच्या वयाला फारशी किंमत नसते. माणसालाही हाच हिशेब लागू: पहिली पक्की दाढ साधारण ६ व्या वर्षी, दुसरी १२ व्या, अक्कलदाढ १७ नंतर, काहींना कधीच नाही. गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लावून दिलेल्या पिढीत शाळेच्या दाखल्यापेक्षा दाढ खरे बोलायची. विशीनंतर मात्र हा अंदाज ढिला पडतो.

दातावरचे इनॅमल रोज एका बारीक रेघेने वाढते. जन्माचा धक्का दुधाच्या दातांत वेगळी रेघ सोडतो. हाड मोडले तर सांधते, इनॅमल पुन्हा भरत नाही. ते घडत असताना मूल आजारी पडले वा उपाशी राहिले, तर तिथे खळगा कायमचा राहू शकतो.

याचे महाराष्ट्रातले बोलके उदाहरण शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावचे (इ.स.पू. सुमारे १६०० ते ७००). डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत पुरलेले तान्हे मूल. ते किती महिन्यांचे होते, हे हिरडीत दडलेल्या दातांवरून कळते. जॉन ल्युकाक्स आणि सुभाष वाळिंबे या अभ्यासकांना इथल्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर खळगे आढळले. हा सुळा आईच्या पोटात घडू लागतो आणि त्याचा माथा वर्षाच्या आत पुरा होतो. म्हणजे हाल अंगावरच्या बाळाचे, आणि बहुधा बाळंतिणीचेही.

माणसाच्या उत्क्रांतीत दातांना विचारायचा प्रश्न बालपण किती लांबले हा. चिंपांझीची पहिली दाढ ३-४ वर्षांतच येते. दक्षिण आफ्रिकेत १९२४ साली सापडलेल्या टाउंगच्या मुलाची (एका मानवपूर्वजाचा जीवाश्म) ती दाढ नुकती उगवली होती, म्हणून आपल्या मापाने त्याला ६ वर्षांचे धरले गेले. १९८५ मध्ये ब्रोमेज आणि डीन यांनी तशाच आदिम जीवाश्मांच्या दातांवरच्या रेघा मोजल्या, तेव्हा ते वय ३-४ वर आले. केनियात १९८४ साली सापडलेल्या तुर्काना मुलाचा, म्हणजे आणखी एका मानवपूर्वजाचा, सांगाडा १३ वर्षांच्या पोराएवढा, दात मात्र ८-९ वर्षांचे.