निसटलेली जाळी

१६ सप्टेंबर १९७७ रोजीं झुरिक येथें आंद्रेआस ग्रुंटझिग या वैद्यानें हृदयाच्या अरुंद झालेल्या रोहिणींत इवलासा फुगा फुगवून रक्ताची वाट मोकळी केली. परंतु अशी रोहिणी कधीं कधीं एकाएकीं मिटे, आणि रोग्यास तांतडीनें शस्त्रक्रियेसाठीं न्यावें लागे. म्हणून १९८६ सालीं तुलूझ येथें झाक प्युएल यांनीं व लोझान येथें उलरिख सिगवार्ट यांनीं रोहिणीस आंतून टेंकू देणारी धातूची जाळी बसविली. तीच स्टेंट.

पुढें या टेंकूनेंच क्वचित् नवें संकट आणलें. आरंभींच्या कांहीं जाळ्या वैद्य स्वहस्तें फुग्यावर दाबून बसवीत. रोहिणीच्या कठीण वांकणांत अडखळून एखादी फुग्यावरून निसटे. अशा वेळीं ओढाताण घातक. जाळींतून गेलेली तार जागची काढूं नये, हा पहिला नियम. कारण जाळीशीं तेवढाच दुवा उरलेला असतो. त्या तारेवरून लहान फुगा जाळीपलीकडे नेऊन फुगवितात व दोन्ही हलकेच मागें घेतात; किंवा तारेच्या फांसांत जाळी पकडतात. तेंही न साधल्यास दुसऱ्या जाळीनें तिला भिंतीशीं दाबून टाकतात.

कारखान्यांतच घट्ट बसविलेल्या जाळ्या आल्यावर हा अपघात विरळा झाला. तरी जाणता वैद्य फांस हाताशीं ठेवतोच.