भिंतीतल्या वायरींचा इतिहास

घराचं काम काढायचं म्हटलं की रंग, फरशी आणि नळ यांवर घरात चर्चा झडतात. भिंतीतल्या वायरी मात्र गवंड्याची छिन्नी चालेपर्यंत कुणाला आठवत नाहीत. आणि त्या दिसल्या, की कोणती कुठून आली आणि कुठे गेली, याचा पत्ता लागत नाही. हा गुंता कुणा एका वायरमनने केलेला नसतो. तीन-चार पिढ्यांचा इतिहास तिथे साचलेला असतो.

मुंबईत वीज आली तीच अडखळत. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. पण वीज पुरवणारी कंपनी लवकरच बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसबत्त्या आल्या. १९०५ मध्ये आजच्या ‘बेस्ट’ची पूर्वज कंपनी स्थापन झाली, १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावली आणि १९१५ पासून टाटांची खोपोलीची जलविद्युत शहराला मिळू लागली. उपनगरांचा नंबर नंतरचा. १९२४ मध्ये शस्त्रक्रियेनंतर गांधीजी विश्रांतीसाठी जुहूला येऊन राहिले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९२९ मध्ये, ‘बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’ ही कंपनी निघाली. टाटांकडून वीज घ्यायची आणि उपनगरांत घरोघर पोहोचवायची, हे तिचं काम. पुढे तीच ‘बीएसईएस’, मग रिलायन्सकडे आणि २०१८ पासून अदानींकडे. बिलावरची नावं बदलत गेली. भिंतीतल्या वायरी तिथेच राहिल्या.

मी जुहूला राहतो. आमच्या जुन्या घराचं काम निघालं, तेव्हा हे सगळे थर मला एकाच भिंतीत दिसले. सर्वांत जुनी वायर सागवानी पट्टीच्या खाचेतली होती. तांब्याची तार, तिच्यावर रबर, वर सुती विणीचं आवरण. हे रबर काही दशकांत वाळतं आणि हात लावताच भुगा होऊन गळतं. दुसरा थर अॅल्युमिनियमचा. साठ-सत्तरच्या दशकांत तांब्याची टंचाई होती, म्हणून घरोघर अॅल्युमिनियम आलं. ते तांब्याला नुसतं पिळून जोडलं की सांधा हळूहळू सैल होतो, तापतो; समुद्राची खारी हवा त्यात भर घालते. तिसरा थर प्लास्टिकच्या नळीतल्या तांब्याचा. नवं घालताना जुनं कुणी काढलंच नव्हतं.

वायरमनने मेन स्विच बंद केला, तरी स्वयंपाकघरात टेस्टर पेटला. कारण इतिहासातच होतं. पूर्वी दिवे-पंख्यांच्या विजेचा दर वेगळा आणि इस्त्री, शेगडी यांसारख्या ‘पॉवर’चा वेगळा असे. त्यामुळे कित्येक घरांत मीटर दोन, मेन दोन आणि वायरिंगही दोन. पुढे दर एक झाले. पण दोन्ही वायरिंग राहिली आणि कुणीतरी मध्येच त्यांची गाठ मारून ठेवली.

फ्यूजचीही तीच गत. जुन्या बोर्डांवर फेज आणि न्यूट्रल, दोन्हींवर फ्यूज असत. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवा विझतो, माणसाला वाटतं वीज गेली. प्रत्यक्षात होल्डरपर्यंतची वायर जिवंतच असते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी न्यूट्रलवर असा फ्यूज ठेवायला मनाई केली. जुने बोर्ड सगळीकडे लगेच बदलले असं नाही.

मग रंगांवर विसंबावं का? आपल्याकडे लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ असा संकेत रूढ झाला. अमेरिकेत मात्र काळी वायर जिवंत असते. युरोपी पद्धतीच्या उपकरणात निळी न्यूट्रल असते, तर आपल्या इमारतींच्या थ्री-फेज जोडणीत लाल, पिवळी आणि निळी, तिन्ही जिवंत. त्यात पूर्वीच्या कारागिराच्या पिशवीत ज्या रंगाचं वेटोळं शिल्लक असेल, ते त्यानं वापरलेलं. आमच्याकडे एक हिरवी वायर चक्क फेज निघाली. वायरमन म्हणाला, “काका, इथं रंगावर जाऊ नका. तपासल्याशिवाय हात लावायचा नाही.”

जुन्या घरांत दोन पिनांचे प्लग सर्रास होते; अर्थिंग नव्हतंच. तेव्हा भार होता चार दिवे आणि एका रेडिओचा. आज त्याच वायरींवर गीझर आणि वातानुकूलन यंत्र बसतं. म्हणून माझं सांगणं एवढंच. फरशीचा दर्जा जरा कमी चालेल, पण वायरिंग पूर्ण काढून नव्यानं करून घ्या, तेही परवानाधारक कंत्राटदाराकडूनच. अर्थिंग तपासून घ्या. वीज गळली तर ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी बसवा. तो जीव वाचवतो.

आणि भिंती बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, कोणती वायर कुठून कुठे गेली याचा कागदावर नकाशा काढा आणि मीटरच्या पेटीत चिकटवून ठेवा. आपल्या आधीच्यांनी दिवे लावून दिले, नकाशा तेवढा ठेवला नाही. पुढच्या माणसाचा हात त्या भिंतीत जाईल, तेव्हा तो कागद त्याच्या उपयोगी पडेल.